काल संध्याकाळी सातला कोण कुठे होतं?

मार्केट रिसर्चच्या जुन्या छापील प्रश्नावलीत पहिल्या-दुसऱ्या पानावर एक तक्ता असायचा. घरातल्या मोठ्या माणसांची नावं वयाच्या क्रमानं लिहायची, प्रश्नावलीचा अनुक्रमांक बघायचा, आणि तक्त्यात ओळ आणि रकाना जिथे मिळेल त्या माणसाची मुलाखत घ्यायची. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञानं १९४९ मध्ये ही पद्धत मांडली, म्हणून ती किश ग्रिड. दार उघडेल त्यालाच पकडून मुलाखत उरकू नये, घरातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी मिळावी, एवढाच तिचा हेतू. डोंबिवलीच्या एका घरात माझ्या ग्रिडनं सून निवडली. सून समोर येऊन बसली. प्रश्न मी तिला विचारत होते आणि उत्तरं सासूबाई देत होत्या. "ती नाही हो बघत टीव्ही. तिला कुठे वेळ?" सून मान हलवत होती, पण ती मान हो म्हणते की नाही, ते काही कळेना.

मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातून मानसशास्त्रात एम.ए. करून मी तेव्हा नुकती बाहेर पडले होते. क्लिनिकलकडे जायचं मनात होतं, पण आणखी चार-पाच वर्षं शिकत बसणं घरच्या परिस्थितीत शक्य नव्हतं. विभागातली एक सीनियर म्हणाली, रिसर्च एजन्सीत मानसशास्त्रवाले घेतात. का घेतात, ते तिलाही सांगता आलं नाही. मला ते पुढे कळलं. आकडेवारीला न घाबरणारी आणि परक्या माणसाशी बोलायला न बुजणारी मुलं त्यांना एकाच पगारात हवी असतात.

मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एक गोष्ट घोटून घेतात. चाचणी देताना खोली शांत हवी, उजेड पुरेसा हवा, तिसरं माणूस नको. फील्डवर गेल्यावर कळतं, की आपल्याकडे घरात तिसरं माणूस नसणं ही चैन आहे. शेजारीण डोकावते आणि बसतेच. मुलगा शाळेतून येतो आणि आईचं उत्तर दुरुस्त करतो. नवरा "तुम्ही बोला, माझं काही नाही" म्हणत पेपर उघडतो आणि कान इकडे ठेवतो. आमच्या फील्ड सुपरवायझर जेमतेम मॅट्रिक होत्या, पण दादरपासून अंबरनाथपर्यंतच्या चाळी त्यांच्या पायाखालच्या. सगळे त्यांना मावशी म्हणायचे. डोंबिवलीची मुलाखत नियमानं बाद ठरली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, सासूला बाहेर कशाला घालवतेस? तिचंही लिही की. रिमोट तिच्याकडे आहे."

माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा या वाक्यात होती. आपल्याकडे टीव्ही बघायचं ते घर, आणि मी शिकून आले होते एकट्या माणसाचं मन. आवडीनिवडी, प्रेरणा, अवधान, स्मृती, सगळं एका कवटीच्या आत. पण साडेसातला कुठली मालिका लागणार हे एका कवटीत ठरत नाही. ते जेवणाच्या वेळेवर, मुलांच्या परीक्षेवर, सासऱ्यांच्या बातम्यांवर आणि काल कोणाचं ऐकलं गेलं त्यावर ठरतं.

हे शहाणपण काही माझं नव्हे. १९७५-७६ मध्ये नासाच्या एटीएस-६ या उपग्रहावरून इस्रोनं 'साइट' हा वर्षभराचा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं, आणि प्रत्येक गावात सगळ्यांसाठी मिळून एक टीव्ही. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. त्या प्रयोगाच्या मूल्यमापनासाठी प्रश्नावल्या तर भरून घेतल्याच, शिवाय मानवशास्त्रज्ञ गावांत मुक्काम करून राहिले. संचासमोर कोण बसतं, कोण लांब उभं राहतं, बायका केव्हा उठून जातात हे बघायचं तर तिथे राहावंच लागतं.

तरी आमच्या पंथाचं मूळ मानसशास्त्रातच आहे. अमेरिकेत रेडिओच्या श्रोत्यांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यात पुढे होते ते व्हिएन्नाहून गेलेले पॉल लाझार्सफेल्ड आणि हर्टा हर्झोग, आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट घेऊन सीबीएसमध्ये शिरलेले फ्रँक स्टँटन, जे १९४६ मध्ये त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. लाझार्सफेल्ड आणि स्टँटन यांनी श्रोत्यांच्या हातात दोन बटणं देणारं यंत्र केलं. आवडलं की हिरवं दाबायचं, नाही आवडलं की लाल. हर्झोगबाईंचं काम मला जास्त जवळचं. दुपारच्या रेडिओ-मालिका ऐकणाऱ्या गृहिणींशी त्या सविस्तर बोलल्या आणि १९४१ मध्ये त्यांनी लिहिलं की या बायका मालिकेकडून रडण्याची मोकळीक घेतात, स्वतःच्या संसारासाठी सल्लाही घेतात. एजन्सीच्या लायब्ररीत मी ते वाचलं तेव्हा आमचे सोलापूर-नागपूरचे ट्रान्सक्रिप्ट शेजारीच पडले होते. नावं बदलली असती तर कुठलं न्यूयॉर्क आणि कुठलं सोलापूर, ओळखायला वेळ लागला असता.

दोन-अडीच वर्षं आकडेवारीच्या बाजूला काढल्यावर मी 'क्वाल'मध्ये गेले, म्हणजे ग्रुप डिस्कशन घेणारी मॉडरेटर झाले. मुंबईत त्यासाठी एकतर्फी आरशाच्या खोल्या असतात. कोल्हापूर-जळगावला रिक्रूटरच्या ओळखीतल्या कोणाचा तरी फ्लॅट. हॉलमध्ये सतरंजीवर आठ बायका आणि मी. कोपऱ्यात कॅमेरा, त्याची वायर बेडरूममधल्या टीव्हीला, आणि पलंगावर मांडी घालून बसलेले क्लायंट. मधे चहा आणि वेफर्स. निघताना प्रत्येकीला एक कॅसरोल किंवा डब्यांचा सेट.

पहिली दहा मिनिटं सगळ्या खोटं बोलतात. खोटंही म्हणवत नाही, पाहुण्यांसमोर चांगला कप काढावा तशी चांगली उत्तरं काढतात. बातम्या बघतो, डिस्कव्हरी बघतो, मुलांबरोबर क्विझ बघतो. मालिका? "लागलेली असते." कोण लावतं? "सासूबाई." सासूबाईंचा ग्रुप दुपारी घेतला तर त्या सांगणार, "सून लावते. आमचं आपलं कानावर पडतं." या हिशेबानं महाराष्ट्रातल्या सगळ्या मालिका आपोआप लागत असल्या पाहिजेत. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये एका प्रवृत्तीला नाव दिलं, थर्ड पर्सन इफेक्ट. माध्यमांचा परिणाम होतो खरा, पण तो माझ्यावर नाही, इतरांवर होतो. आमच्या भाषेत, शेजारणीवर.

म्हणून मी 'का' विचारणं जवळजवळ सोडून दिलं. का आवडते, का बघता, असं विचारलं की माणूस कारण तयार करतो. ते प्रामाणिकपणे तयार करतो, ही खरी पंचाईत. निस्बेट आणि विल्सन यांचा १९७७ चा एक निबंध आम्हाला एम.ए.ला होता. आपल्याच वागण्याची कारणं सांगताना माणसं आत डोकावून बघत नाहीत, पटण्यासारखं कारण अंदाजानं जुळवतात, असा त्याचा गाभा. ग्रुपमध्ये बसून तो दर आठवड्याला खरा होताना दिसतो. मी न्यूजप्रिंटचा मोठा कागद आणि स्केचपेनं द्यायला लागले. तुमचं घर काढा. टीव्ही कुठे आहे, दार कुठे, कोण कुठे बसतं. मग एकच प्रश्न: काल संध्याकाळी सातला कोण कुठे होतं?

कोल्हापूरच्या एका ताईंनी आधी स्वयंपाकघर काढलं. कागदाचा निम्मा भाग त्यानंच व्यापला. ओटा, गॅस, फ्रिज, देव्हारा. हॉल उरलेल्या जागेत, आणि टीव्ही अगदी कडेला, भिंतीला चिकटून. मी विचारलं, ओट्यापाशी उभं राहिलं की टीव्ही दिसतो? त्यांनी कागदावर बोटानं रेघ ओढून दाखवली. दाराच्या चौकटीतून अर्धा दिसतो. फक्त डावी बाजू. "म्हणजे डावीकडे कोण उभं आहे ते कळतं. उजवीकडचं आवाजावरून." सातला कणीक मळून झालेली असते, साडेसातला पोळ्या. खलनायिकेचं संगीत वाजलं की त्या पिठाच्या हातानं दारात येतात, बघतात, तव्यावरची पोळी फुगायच्या आत परत जातात. आणि मालिका पाहता का? "नाही हो, बसून अशी मी कधीच बघत नाही." हेही खरंच होतं. त्या बसत नव्हत्या.

त्यांच्या घरी पीपलमीटर असता तर? टीव्ही कोण बघतं ते नोंदवणाऱ्या त्या यंत्राच्या रिमोटवर घरातल्या प्रत्येकाला एक बटण असतं. टीव्हीच्या खोलीत आलात की दाबायचं, गेलात की पुन्हा दाबायचं. ताई खोलीत नाहीत, म्हणून त्या प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक म्हणून नोंद होणार हॉलमधल्या आरामखुर्चीत डुलकी घेणाऱ्या सासऱ्यांची. त्या वेळच्या आमच्या अहवालात आम्ही लिहिलं, की या वेळेतली मालिका डोळ्यांइतकीच कानांनी चालते. पात्रं एकमेकांना नावानं हाका मारू देत, महत्त्वाचं नुसत्या नजरेवर सोडू नका. चॅनेलमधल्या लोकांनी कौतुक केलं. मालिकेच्या लेखकाला मात्र त्यात नवं काही वाटलं नाही. आकाशवाणीवर श्रुतिका लिहून आलेला माणूस तो, हे त्याला आमच्या आधीपासून ठाऊक होतं.

पुढे मी एका वाहिनीच्या संशोधन विभागात गेले. एजन्सीत आपण महिनाभर एका प्रश्नाशी झगडतो. वाहिनीत आठवडा गुरुवारभोवती फिरतो. गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. त्या सकाळी लिफ्टमध्ये कोणी कोणाकडे बघत नाही. प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ पासून यायला लागले, त्याआधी टॅम या संस्थेचे असायचे. यंत्रही बदललं. बार्कच्या पद्धतीत वाहिनीच्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते आणि घरातलं मीटर ती ओळखतं. त्याच वर्षी पुढे ग्रामीण भागाचे आकडे आले आणि मोठ्या शहरांकडे बघून कार्यक्रम आखणाऱ्यांची झोप उडाली. घरांची वर्गवारीही तोवर बदललेली होती. पूर्वी मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि व्यवसाय बघून वर्ग ठरायचा. २०११ च्या नव्या पद्धतीत त्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या घरात किती आहेत, ते बघतात. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, फ्रिज, वॉशिंग मशीन अशी यादी चालू होते आणि तीत शेतजमीनही येते. सुनेचा वर्ग सासऱ्यांच्या शिक्षणावर आणि घरातल्या फ्रिजवर ठरतो हे ऐकून माझ्या विद्यार्थिनी चिडतात. मला त्यात गैर दिसत नाही. निदान ही पद्धत प्रामाणिकपणे कबूल करते, की आपण घर मोजतोय.

वाहिनीतल्या कामाचा मला खरा त्रास झाला तो कारणांचा. आकडा जरा खाली आला, की दुपारच्या मीटिंगपर्यंत कारण हवं. नायिकेची साडी, क्रिकेटची मॅच, शाळांच्या परीक्षा, समोरच्या वाहिनीवरचं लग्न. नमुन्यावरून काढलेला कुठलाही आकडा थोडा वर-खाली होणारच. छोट्या गावांच्या, छोट्या वयोगटाच्या आकड्यात तर जास्तच. "या आठवड्यात काहीही घडलेलं नाही" हे वाक्य मी एका साहेबांसमोर वापरून पाहिलं. ते म्हणाले, "मग तुम्हाला कशाला ठेवलंय?" माणसाला योगायोग सहन होत नाही, तो कारण शोधतोच, हे मानसशास्त्राच्या कुठल्याही प्राथमिक पुस्तकात असतं. पण पुस्तकातला तो माणूस आपलं अप्रेझल भरणारा असेल असं कोणी सांगितलेलं नसतं. मग मी एक युक्ती केली. दर गुरुवारी आकड्यांच्या आधीच, बुधवारी संध्याकाळी, प्रत्येकानं आपला अंदाज आणि कारण चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. काही आठवड्यांनी कारणं सांगणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली आला. डबाही मग गायब झाला, तो भाग वेगळा.

थोड्याशा घरांवर एवढं अवलंबून असलं, की त्या घरांवर डोळा ठेवणारेही येतात. २००१ मध्ये मुंबईतल्या मीटर असलेल्या काही घरांची यादी फुटली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी प्रकरण बाहेर काढलं. त्यानंतर बार्कनं वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या काळात नातेवाईक मला लग्नकार्यात गाठून विचारायचे, "तुमच्या त्या डब्याचं काय झालं?" त्यांच्या लेखी टीव्हीशी संबंधित प्रत्येक डबा माझा होता.

मोबाइल आला आणि एकट्या माणसाच्या मनाचं माझं जुनं शिक्षण कपाटातून बाहेर काढावं लागलं. आता मी एका स्ट्रीमिंग ॲपसाठी काम करते. इथे बटण दाबायला सांगावं लागत नाही. कुठल्या मिनिटाला थांबलात, कुठे पुढे ढकललंत, कितव्या भागावर सोडलंत, सगळं सर्व्हरवर आपसूक येतं. माझे सहकारी बहुतेक डेटा सायन्सवाले, वयानं माझ्या भाच्यांएवढे, हुशार. त्यांनी एकदा मला एक प्रोफाइल दाखवलं. नाव 'पप्पा'. सकाळी आरत्या, दुपारी कार्टून, रात्री साडेअकरानंतर कोरियन प्रेमकथा. हा कसला माणूस, असा त्यांना प्रश्न पडला होता. मी म्हटलं, अरे, हा माणूस नाही, हे घर आहे. पासवर्ड पप्पांचा, पैसेही पप्पांचे, आणि साडेअकराला पप्पा झोपलेले असतात.

पण साडेअकराला जी जागी असते, तिच्यापर्यंत पोचणं हे आतापर्यंतच्या कामातलं मला सगळ्यांत आवडलेलं काम. कानात इअरफोन, पांघरुणात फोन, आवाज दीडपट वेगानं. ग्रुपमध्ये ती यातलं अक्षरही बोलणार नाही. तिच्याशी एकटीशी बोलावं लागतं, तेही घरी नाही. वाशीच्या एका कॉफी शॉपमध्ये अशाच एका ताईंशी बोलत होते. ॲपवर काय बघतात ते त्यांनी सांगितलं आणि त्या गप्प झाल्या. मॉडरेटरची सवय अशी, की शांतता झाली की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा. क्लिनिकलच्या शिक्षणात उलटं शिकवतात, शांतता तुमची नाही, समोरच्याची आहे. मी थांबले. मग त्या म्हणाल्या, "कुणाला विचारावं लागत नाही हो. तेवढंच." त्यांच्या त्या रात्रीच्या तासाचं कथानकाशी फारसं देणंघेणं नव्हतं. अहवालात मी तसंच लिहिलं. त्यावर मला विचारण्यात आलं, की यातून कंटेंटसाठी काय घ्यायचं.

आता मानसशास्त्राची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या नोकरीच्या जाहिरातीत वेगळेच शब्द असतात. कन्झ्युमर इनसाइट, यूएक्स रिसर्च, एसक्यूएल यायला हवं, पायथन असेल तर उत्तम. मी त्यांना घाबरवत नाही आणि गोडही बोलत नाही. संख्याशास्त्राचा पेपर टाळून आलेल्यांना इथे जड जातं. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. प्रवास फार, लातूर-नांदेडहून रात्रीच्या एसटीनं येऊन सकाळी प्रेझेंटेशन, हे मुलींच्या घरच्यांना अजून पटवावं लागतं. आणि आल्या आल्या मी त्यांना बॅकचेकला बसवते. भरून आलेल्या प्रश्नावल्या घेऊन पुन्हा त्याच घरी फोन करायचा, खरंच कोणी आलं होतं का, विचारायचं. मुलाखतीमागे पैसे मिळत असले, की काही जण झाडाखाली बसून कागद भरतात. चार घरांतल्या चार बायका मोकळ्या उत्तरात 'कौटुंबिक असल्यामुळे आवडते' हेच शब्द वापरतात, तेव्हा ती घरं त्या मुलाखतकाराच्या डोक्यात असतात. खऱ्या बायका इतक्या नीटनेटक्या बोलत नाहीत, हे ओळखता आलं की निम्मं शिक्षण झालं.

सध्या आमच्याकडे वाद चालू आहे तो एक माणूस एकदाच मोजण्याचा. जाहिरातदाराला टीव्हीवरचे आणि फोनवरचे प्रेक्षक वेगवेगळे नको आहेत; दोन्हीकडे दिसणारा माणूस एकदाच धरून एकूण किती, ते हवं आहे. रास्त मागणी आहे. पण एका फोनसमोर एकच माणूस असतो, असं त्यात धरलेलं असतं. म्हणून मी टीममधल्या मुलांना सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्याबद्दल सांगितलं. तिथे दोन मैत्रिणी एकाच फोनवर, एकेक इअरफोन वाटून घेऊन, रात्री डाउनलोड केलेला भाग बघत असतात, आणि मागे उभी असलेली तिसरी आवाजाशिवाय बघते. सर्व्हरला एक प्रेक्षक दिसतो. "मग किती धरायचे?" आमच्यातल्या एकानं विचारलं. मी म्हटलं, तीन. त्यानं लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि म्हणाला, सगळ्या मोबाइलना सरसकट १.४ नं गुणू या, मॉडेलला ते चालतं. पुढच्या आठवड्यात बैठक आहे. तोवर मी दोघी-तिघींना त्या डब्यात पाठवणार आहे, मोजून यायला.